शिकागोच्या रिव्हेटवरची लोकल

शिकागो,
१२ ऑक्टोबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर विचारलंत की सव्वाशे वर्षांपूर्वीचं, रिव्हेटने (म्हणजे डोकं ठोकून पक्क्या केलेल्या जाड खिळ्यांनी) जोडलेलं लोखंड अजून रोज गाड्या कसं पेलतं. पुलांच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला फोनवर अर्धवट उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते.

इथल्या उन्नत रेल्वेला सगळे 'एल' म्हणतात. पहिला मार्ग ६ जून १८९२ला सुरू झाला: काँग्रेस स्ट्रीटपासून एकोणचाळिसाव्या रस्त्यापर्यंत, सुमारे ५.८ किलोमीटर, वाफेच्या इंजिनावर. तो मोठ्या रस्त्यावरून न नेता घरांच्या मागच्या गल्लीतून नेला, आणि त्याला कारण कायदा. रस्त्यावर उन्नत मार्ग बांधायचा तर दर मैलाला, रस्त्याकडच्या लांबीच्या हिशेबाने, निम्म्याहून जास्त मालकांची संमती लागायची. कंपनीने त्या भानगडीत न पडता गल्लीलगतची जमीनच विकत घेतली. आज तिथून ग्रीन लाइन जाते आणि खिडकीतून घरांची मागची बाजूच दिसते, लाकडी जिने आणि गॅलऱ्या. मार्ग कुठून गेला हे इंजिनिअरपेक्षा सह्यांनी जास्त ठरवलं.

मधल्या व्यापारी भागाला वेढणारा 'लूप' तर पूर्ण सह्यांचाच खेळ. लेक, वॉबॅश, व्हॅन ब्युरेन आणि वेल्स या चार रस्त्यांवरून तो जातो आणि सगळा मिळून तीन किलोमीटरही भरत नाही. व्हॅन ब्युरेनवरचे मालक अडून बसले, तेव्हा चार्ल्स यर्कीस या उद्योगपतीने तिथला मार्ग पश्चिमेला लांबवून मागितला. तिकडच्या कारखानदारांना गाडी हवीच होती. त्यांच्या सह्या धरून एकूण लांबीत बहुमत जमलं आणि ३ ऑक्टोबर १८९७ला लूप पुरा झाला.

त्याच सुमारास इथे एक गोष्ट झाली, जिच्यावर आपली सगळी लोकल उभी आहे. फ्रँक स्प्रेग या विद्युत अभियंत्याने साउथ साइडच्या, म्हणजे त्या पहिल्याच, मार्गावर प्रत्येक डब्याला मोटर लावून सगळ्या मोटरी पुढच्या एका डब्यातून चालवायची पद्धत बसवली. १८९७ला चाचणी झाली, १८९८ला तो मार्ग वाफेवरून पूर्ण विजेवर गेला. उन्नत मार्गाला याचा दुहेरी फायदा होता. इंजिनाचं एकवटलेलं वजन गेलं, भार गाडीभर वाटला गेला. आणि इंजिन या टोकाचं त्या टोकाला नेण्याची कटकट संपली. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटीहून कुर्ल्याला हार्बरवरून जी पहिली विजेची गाडी निघाली, ती याच पद्धतीची.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. लूपचा सांगाडा जे. ए. एल. वॉडेल या पूल-अभियंत्याचा. खांब म्हणजे प्लेटा आणि अँगल रिव्हेटने जोडून केलेले, त्यावर आडवे गर्डर, त्यावर लांबीचे गर्डर आणि थेट त्यांच्यावर लाकडी स्लीपर. खडी नाही, काँक्रीटचा स्लॅब नाही. खालून वर बघितलं की स्लीपरांच्या फटींतून आकाश दिसतं. बर्फ आणि पाऊस गळून खाली जातो, रुळांवर साचत नाही. अर्थात आवाजही तितकाच मोकळेपणाने खाली येतो आणि वॉबॅशवर गाडी डोक्यावर असताना बोलणं थांबवावंच लागतं.

तो टिकला आहे तो मुख्यत: सुटे भाग बदलता येतात म्हणून. स्लीपर हुक बोल्टने गर्डरच्या फ्लँजला, म्हणजे वरच्या आडव्या पट्टीला, धरलेला असतो. एक खराब झाला तर तेवढाच काढून नवा घालतात. तुमच्याकडे पुलांवरचं लाकूड जाऊन स्टील चॅनल स्लीपर आले, इथे लाकूड अजून आहे. ते हलकं आहे, जागेवर तासून बसवता येतं आणि तिसऱ्या रुळाचे इन्सुलेटर पेलायलाही सोयीचं पडतं. बिघाडाची साखळी मात्र तुमच्या ओळखीचीच आहे. हुक बोल्ट सैल पडतो, स्लीपर गाडीखाली हलायला लागतो, खिळ्यांची भोकं मोठी होतात, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, फाकतो आणि मग कॉशन, म्हणजे वेग कमी ठेवायचा हुकूम, लागतो. अशा पट्ट्यात गाडी ताशी २४ किलोमीटरवर आणतात. कॉशन वाढत गेले की वेळापत्रक कोलमडतं, म्हणून इथे स्लीपरचं काम रात्री आणि शनिवार-रविवारी सतत चालू असतं.

खांबांचं दुखणं वेगळं, आणि ते बहुधा तळाशीच असतं. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. गाड्यांच्या चाकांनी ते खारं पाणी खांबाच्या पायथ्यावर उडतं आणि प्लेटांच्या मधल्या खोबणीत कचरा साचून ओल धरून ठेवतो. दोन प्लेटांच्या मधे गंज चढला की तो फुगतो. लोखंडाहून गंजाला जागा जास्त लागते, त्यामुळे प्लेटा एकमेकींपासून उचकटतात आणि रिव्हेटची डोकी ताणाने उडतात. वरून रंग छान दिसत असला तरी प्लेटांच्या कडेने लाटेसारखा फुगवटा दिसला की आत काय चाललंय ते कळतं. रिव्हेट सैल आहे का हे बघायची रीत तुमचीच: एका बाजूने बोट टेकवून दुसऱ्या बाजूने हातोडी मारायची, बोटाला हादरा लागला की तो गेला. डोक्याखालून तांबडा ओघळ असेल तर हातोडीआधीच संशय घ्यायचा. सैल रिव्हेट काढून, भोक रीमरने (भोक गुळगुळीत करायच्या हत्याराने) साफ करून हाय-टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारा, बोल्ट कसतात. पायथा फारच खाल्ला असेल तर वरच्या गर्डरला तात्पुरते टेकू देऊन खांबाचा खालचा तुकडा कापून नवा जोडतात, आणि खोबणीत पाणी थांबू नये म्हणून आत उतार देऊन भराव करतात.

लूपच्या कोपऱ्यांवरची वळणं ९० फूट त्रिज्येची आहेत, म्हणजे साधारण २७ मीटर. म्हणून इथला डबा ४८ फुटांचाच, १४.६ मीटर. आपल्या लोकलचा डबा त्या कोपऱ्यात वळणारच नाही. चाकाची कड रुळाला घासून किंचाळते. त्यासाठी आतल्या रुळाला लागून चाक धरून ठेवणारा जोड रूळ लावतात आणि वंगण देतात. ४ फेब्रुवारी १९७७ला लेक आणि वॉबॅशच्या कोपऱ्यावर एक गाडी पुढच्या थांबलेल्या गाडीवर आदळली, चार डबे रुळांवरून घसरले, त्यातले काही खाली रस्त्यावर आले आणि ११ माणसं गेली. मोटरमनने केबिनमधला सिग्नल डावलला होता आणि धडकेनंतरही मागून जोर लागत राहिला, त्यामुळे जोडणीशी डबे उचलले गेले. अशा तीव्र वळणावर टक्कर सरळ मार्गावरच्या टकरीपेक्षा किती घातक ठरते, हे त्या दिवशी दिसलं.

वीज ६०० व्होल्ट डीसी, रुळाच्या शेजारच्या तिसऱ्या रुळातून. वर तारा आणि मास्ट नसल्याने रस्त्यावरचा सांगाडा हलका राहिला. गारठ्यात तिसऱ्या रुळावर बर्फाची पातळ काच धरते, शू (त्यावरून वीज घेणारा डब्याचा भाग) नीट टेकत नाही, निळ्या ठिणग्या उडतात आणि गाडीची शक्ती तुटते. त्यासाठी डब्यांना खरवडणी लावतात.

स्टेशनांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते क्विन्सीचं. १८९७चं, ए. एम. हेडली यांच्या आराखड्याचं, वेल्स स्ट्रीटवर विलिस टॉवरच्या जवळ. लांबून दगडी वाटावं असं शास्त्रीय घाटाचं काम: भिंतीत अर्धे बसवलेले खांब, पुष्पचक्रं, कमानदार खिडक्या. जवळ गेलं की कळतं, सगळा साच्यात दाबून उठाव आणलेला पत्रा आहे. स्टेशन रस्त्यावर अधांतरी गर्डरवर बसलेलं, दगड-विटांचं वजन तिथे परवडणारच नव्हतं. पत्र्याचा गंज खिळ्यांच्या भोकांपासून आणि खालच्या कडेपासून सुरू होतो, म्हणून रंग कधी तुटू द्यायचा नाही. १९८०च्या दशकात ते मूळ रूपात दुरुस्त केलं. लिफ्ट मात्र २०१८ला आली, आणि व्हीलचेअरवाल्यांना इतकी वर्षं थांबावं लागलं ही या जुन्या सौंदर्याची खरी किंमत आहे.

१९७०च्या दशकात हा लूप पाडून खालून भुयार काढायचं घाटत होतं. १९७९ला तो बेत सोडला. २०१७ला वॉबॅशवर मॅडिसन आणि रँडॉल्फ ही दोन जुनी स्टेशनं मिळून वॉशिंग्टन हे एक झालं, वर पांढऱ्या स्टीलच्या फासळ्या आणि काच. चांगलं आहे, प्रशस्त आहे, पण मला क्विन्सीच आवडतं.

आपल्या मेट्रोशी तुलना करताना दोन्ही बाजू बघायला हव्यात. आपल्याकडे फलाटाखाली अख्खा मजला तिकीट, तपासणी आणि रस्ता ओलांडण्यासाठी असतो. त्यामुळे जिने लांबतात आणि खालचा रस्ता अंधारतो, पण लोकांना रस्ता सुरक्षित ओलांडता येतो. क्विन्सीचा जिना छोटा, स्टेशन चिंचोळं, खाली उजेड भरपूर. आणि मेट्रोचा बंद काँक्रीटचा पूल आपल्या पावसात योग्यच. फक्त पाणी खांबातल्या पाइपातून उतरतं, तो पाइप तुंबला तर कुठे गळतंय ते बाहेरून लवकर कळत नाही. दादाला साइटवर सांगा, पावसाळ्याआधी प्रत्येक खांबाच्या पाइपात वरून पाणी सोडून खाली येतंय का ते बघत जा म्हणावं.

सँडहर्स्ट रोडला हार्बरच्या फलाटाखालचे लोखंडी खांब जिथे जमिनीत शिरतात, तिथे प्लेटांच्या मधे फुगवटा आहे का, तेवढं तिकडे गेलात की बघा आणि कळवा. मोबाइलवर फोटो काढाल तर पट्टी किंवा पेन शेजारी धरून काढा, म्हणजे माप कळेल.

आईला सांगा, लोकरीचे मोजे मिळाले. गुडघ्यांचं औषध चालू ठेवा.

तुमची,
मनू