फर्गस सूटरवर अन्याय नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत इंग्लंडमधील फुटबॉलच्या प्रारंभकाळाविषयी आलेला लेख वाचला. १८८५ साली फुटबॉल असोसिएशन या तेथील नियामक संस्थेने खेळाडूंना पैसे देण्यास मान्यता दिली आणि व्यावसायिक फुटबॉल सुरू झाले, असे त्यात म्हटले आहे. त्याआधी उत्तर इंग्लंडमधील लँकेशायर परगण्याच्या संघांतून खेळलेल्या स्कॉटिश खेळाडूंची मात्र पैशाच्या लोभाने गाव सोडणारे म्हणून एका वाक्यात वासलात लावली आहे. या खेळाडूंमध्ये ज्याचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते त्या फर्गस सूटरची कारकीर्द पाहिली, तर हा निवाडा फार घाईचा आहे असे माझे मत आहे.

सूटरचा जन्म १८५७ चा, ग्लासगोचा. व्यवसायाने तो पाथरवट होता आणि पार्टिक या स्थानिक संघातून खेळत असे. याच पार्टिक भागातील क्रिकेटच्या मैदानावर १८७२ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला होता. इंग्लंडमधील खेळाडू तेव्हा चेंडू पायाशी ठेवून एकट्याने मुसंडी मारत, तर स्कॉटिश खेळाडू एकमेकांकडे चेंडू देत पुढे सरकत. ही पद्धत अंगी मुरलेला खेळाडू लँकेशायरच्या कापड गिरण्यांच्या गावांना हवासा वाटला, यात नवल नाही. पार्टिकचा संघ तिकडे सामने खेळायला जात असल्यामुळे ओळख झालेलीच होती. १८७८ मध्ये आधी पार्टिकचाच जिमी लव्ह आणि मागोमाग, वर्षाच्या अखेरीस, सूटर लँकेशायरमधील डार्वेन या गावी, तेथील संघात गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली आणि शहरातील बांधकामे ठप्प झाली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पाथरवटाला घरी काम नसताना त्याने परगावी जाऊन कमाई शोधली, याला लोभ म्हणणे मला पटत नाही.

डार्वेनमध्ये त्याने सुरुवातीला दगडाचेच काम धरले होते. मात्र इंग्लंडचा दगड स्कॉटलंडच्या दगडापेक्षा कठीण आहे, त्याने हात सुजतात, असे कारण सांगून त्याने ते लवकरच सोडले आणि तरीही त्याचा चरितार्थ चालत राहिला. तो कशावर, हे गावाला कळत होते. पुढे उतारवयाकडे झुकताना त्याने एका वृत्तपत्राला स्वतःच सांगितले की ठरलेला पगार असा नव्हता, गरज पडेल तसे खजिनदाराला भेटायचे. नोंद नाही, करार नाही, दुखापत झाल्यास भरपाई नाही, अशी ती व्यवस्था होती. तिचा लाभ खेळाडूइतकाच, किंबहुना अधिक, संघ चालवणाऱ्यांना होत असे, हे टीकाकार विसरतात. (आपल्याकडील वाचकांना हे डार्वेन वेगळ्या कारणाने परिचित असेल. १९३१ मध्ये परदेशी कापडावरील बहिष्काराची झळ पोचलेल्या गिरणी कामगारांना गांधीजी जेथे जाऊन भेटले, तेच हे गाव.)

डार्वेनने त्या मोसमात जे करून दाखवले ते विलक्षण होते. १८७९ च्या फेब्रुवारीत एफ. ए. कप या फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांची गाठ ओल्ड इटोनियन्स या, ईटन या धनिकांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाशी पडली. पहिल्या सामन्यात ५-१ असे मागे पडलेल्या डार्वेनने अखेरच्या पंधरा मिनिटांत चार गोल करून ५-५ अशी बरोबरी साधली. जादा वेळ खेळण्यास इटोनियन्सनी नकार दिला. दुसरा सामना २-२ असा सुटला आणि तिसऱ्यात डार्वेन ६-२ असे हरले. तिन्ही सामने लंडनला होते. गिरणीत राबणाऱ्या माणसांना प्रत्येक वेळी मजुरी बुडवून, गावाने वर्गणी काढून दिलेल्या पैशांवर आगगाडीने देशाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले. प्रतिपक्षाला अशी कोणतीच विवंचना नव्हती. हौशी खेळाची शुद्धता म्हणून जी सांगितली जाते, तिच्यामागे घरची श्रीमंती कशी उभी होती, हे या तीन सामन्यांइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल.

सूटरच्या बाजूने बोलताना १८८० ची घटना झाकून ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्या वर्षी तो डार्वेन सोडून शेजारच्याच ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये गेला. ज्या गावाने त्याला आपले मानले, त्याच्या ते जिव्हारी लागले. अधिक पैशाचे आमिष दाखवल्याचा आरोप झाला, दोन्ही गावांत वैर पेटले आणि त्याच वर्षी या दोन संघांचा सामना प्रेक्षक मैदानात घुसल्याने अर्धवट सोडावा लागला. डार्वेनकरांचा राग समजण्यासारखाच होता. तरीही अधिक वेतन देणाऱ्या गिरणीत जाणाऱ्या विणकराला आपण गद्दार म्हणत नाही, आणि सूटरला वेगळी फूटपट्टी लावण्याचे कारण मला दिसत नाही.

रोव्हर्सकडून तो एफ. ए. कपचे चार अंतिम सामने खेळला. १८८२ चा सामना केनिंग्टन ओव्हलवर झाला. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने इतिहास घडवला तेच हे मैदान. तेथे रोव्हर्स ओल्ड इटोनियन्सकडून ०-१ असे हरले. मात्र १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा करंडक त्यांनी जिंकला आणि त्यांतील पहिल्या दोन सामन्यांत ग्लासगोच्याच क्वीन्स पार्कला नमवले. १८८२ मध्ये समोर इटोनियन्सचा कर्णधार होता आर्थर किनेर्ड. तो जन्माने लंडनचा, बँकवाल्या घराण्यातला, पुढे लॉर्ड झालेला. हा किनेर्ड १८७३ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला होता. ग्लासगोत जन्मलेल्या पाथरवटाला तो मान एकदाही मिळाला नाही, कारण इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या व्यावसायिकांसाठी स्कॉटलंडने आपल्या राष्ट्रीय संघाचे दार उघडले ते थेट १८९६ मध्ये. सूटरने आपल्या निर्णयाची किंमत मोजली नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याने एवढी एक गोष्ट विचारात घ्यावी.

आता १८८५ च्या निर्णयाविषयी. १८८२ मध्ये असोसिएशनने प्रवासखर्च आणि प्रत्यक्ष बुडालेली मजुरी यांपलीकडे काहीही देण्यास मनाई केली होती. १८८४ मध्ये लँकेशायरच्याच प्रेस्टन संघाचे चालक विल्यम सडेल यांनी आम्ही खेळाडूंना पैसे देतो हे उघडपणे मान्य केले, प्रेस्टन स्पर्धेबाहेर गेले, उत्तरेकडील संघांनी वेगळी संघटना काढण्याची धमकी दिली, आणि मग जुलै १८८५ मध्ये नियम बदलला. तोही हातचे राखून: कपच्या सामन्यांत व्यावसायिकाला खेळवायचे तर संघाच्या परिसरातील जन्माची किंवा दोन वर्षांच्या वास्तव्याची अट होती आणि असोसिएशनच्या समित्यांवर त्याला बसता येत नव्हते. म्हणजे या निर्णयाने व्यावसायिक फुटबॉल जन्माला घातले नाही; सूटरसारख्यांनी सात-आठ वर्षे चालवलेली रीत नाइलाजाने कागदावर आणली.

सूटर हा एकमेव किंवा निर्विवाद पहिला होता, असा माझा आग्रह नाही. ग्लासगोजवळ क्लाइड नदीवरच्या गोदीत एका डोळ्याची दृष्टी गमावलेला जेम्स लँग १८७६ मध्येच शेफील्डला गेला होता. तेथे चाकू-सुऱ्यांच्या कारखान्यात त्याला नावापुरती नोकरी होती. जिमी लव्ह तर सूटरच्या आधी डार्वेनला पोचला. पुढे तो नौदलाच्या सैनिकी दलात भरती झाला आणि १८८२ मध्ये इजिप्तच्या मोहिमेत मरण पावला. काही वर्षांपूर्वी सूटरच्या आयुष्यावर आलेल्या मालिकेमुळेही गोंधळ वाढला आहे. तीत १८८३ चा करंडक सूटरच्या संघाने जिंकल्याचे दाखवले आहे; प्रत्यक्षात तो ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या दुसऱ्याच संघाने जिंकला होता आणि त्यात सूटर नव्हता.

सूटर १९१६ मध्ये ब्लॅकपूल येथे वारला. पुरवणीच्या पुढील अंकात या खेळाडूंविषयी चार ओळींचा खुलासा छापावा आणि १८८५ च्या आधीच्या वर्षांवर एक स्वतंत्र लेख द्यावा, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक