डॉक्टर, तुम्ही मला विचारलंत

प्रिय डॉक्टर मॅडम,

चर्चच्या मिशनसाठी आम्हाला घानाला पाठवत असल्याचं पत्र आलं, हे तुम्हाला फोनवर सांगितलं. बाकी जे सांगायचं होतं ते फोनवर सांगता सांगता गळा दाटून आला, म्हणून लिहितेय. चारचौघांत लिहितेय, कारण तुमच्याआधी ज्यांच्या दारात आम्ही हेलपाटे घातले त्यांनीही हे वाचलं तर बरंच.

आम्ही ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’चे. आमच्यात तरुण मुलं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचार आणि सेवेसाठी घरापासून दूर, जातात तशी निवृत्त जोडपीही जातात, 6 महिन्यांपासून 23 महिन्यांपर्यंत. आवड सांगता येते, पण देश ठरवतं मुख्यालय. खर्च आपला आपण करायचा. (“चर्च पगार किती देतं?” असं विचारणाऱ्या सगळ्या नातलगांना हे एकदाच उत्तर.) दारोदार फिरायची सक्ती आमच्या वयाच्यांना नसते. कुणी मिशनच्या ऑफिसात बसतं, कुणी मदतकार्यात. मी आयुष्यभर हिशेब विभागात काम केलं, हे शिक्षक होते. आमचा उपयोग होणार, हे आम्हाला माहीत होतं. अडलं ते डॉक्टरांनी भरून द्यायच्या वैद्यकीय फॉर्मवर.

तुमच्याआधीच्या त्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी मान वर न करता फॉर्म चाळला. “या वयात घरी बसून देवाचं नाव घ्या,” म्हणाले. नव्याने सगळ्या तपासण्या करायला लावल्या, बिल चोख घेतलं, आणि फॉर्म अर्धा कोरा परत दिला. आम्ही विचारायला गेलो तर काउंटरवरून सांगितलं, सर बिझी आहेत. आजारी माणसाला नाही म्हणा, हरकत नाही. पण निदान नीट बघून तरी म्हणा.

तुम्ही बघितलंत. यांची साखर, माझं बीपी, जुने रिपोर्ट, सगळं. यांच्याशी बोलणं झाल्यावर तुम्ही पेनाला टोपण लावलंत, खुर्ची माझ्याकडे वळवलीत आणि विचारलंत, “काकू, तुम्हाला जायचंय? की काका निघालेत म्हणून?”

आणि मग गप्प बसलात. बाहेर पेशंट ताटकळत होते, तरी माझं उत्तर येईपर्यंत थांबलात.

मॅडम, तोवर हा प्रश्न घरात मला कुणी विचारलाच नव्हता. मुलांनी बाबांशी चर्चा केली, दिरांनी यांना सुनावलं, नणंदेने ‘वहिनी बिचारी फरफटत जाणार’ म्हणून परस्पर कीव केली. चर्चमध्ये मुलाखत झाली, पण तिथे श्रद्धेचं विचारतात. गुडघ्यांचं आणि मनाचं नाही. खरं तर मिशनचं आधी मीच काढलं होतं. हे तयार व्हायला दोन वर्षं लागली. तुम्हाला हे सांगितल्यावर तुम्ही मोठ्याने हसलात आणि म्हणालात, “मग काकांची साखर तुमच्या ताब्यात.”

पत्र आल्यावर पुन्हा तुमच्याकडेच आलो. पिवळ्या तापाच्या लसीशिवाय घानात प्रवेश नाही, आणि प्रमाणपत्र नसेल तर परतताना आपल्याकडेही 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घ्यायची तर जपून. अंड्याची अ‍ॅलर्जी, स्टेरॉइडच्या गोळ्या, जुनी दुखणी, एकेक विचारून खात्री केल्याशिवाय तुम्ही आम्हाला सरकारी केंद्रावर जाऊ दिलं नाहीत. गोळ्यांची कंपनीची नावं तिकडे चालायची नाहीत म्हणून मूळ औषधांची नावं मोठ्या अक्षरात लिहून दिलीत.

तुमचा आमच्या पंथाशी काही संबंध नाही. “मिशनबिशन मला कळत नाही,” असं तुम्ही तोंडावर सांगितलंत, तेही मला आवडलं. माणसाशी नीट वागायला त्याचा देव पटावा लागत नाही. आमच्यातल्या काहींनाही हे कळलं तर बरं होईल.

पुढच्या महिन्यात निघतो. दर तीन महिन्यांनी यांची एचबीएवनसी (साखरेची तपासणी) करून रिपोर्ट तुम्हाला पाठवणार आहे. सवडीने बघा. आणि हे गोडाचं लपवून खातात की नाही, तेही मी त्यातच लिहीन.

तुमची,
काकू