किल्डेअरची ब्रिजिड

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्या त्या आयर्लंडात देवी-बिवी आहे की नाही?" आहे. तिच्याविषयी फोनवर घाईत सांगून माझं समाधान झालं नसतं, म्हणून हे पत्र.

तिचं नाव ब्रिजिड. इथल्या जुन्या देवकुळातल्या दाग्दाची ती लेक. हजारेक वर्षांपूर्वीच्या एका आयरिश शब्दकोशात तिला कवींची देवी म्हटलंय. तिच्या दोन बहिणींचंही नाव ब्रिजिडच. एक वैद्यकीची देवी, दुसरी लोहारकामाची. बाबा, कविता, औषध आणि भाता ज्यांनी एकाच नावाच्या पदरात घातले, ते लोक मला फार मोठे वाटतात. तिचा मुलगा रुआदान लढाईत पडला तेव्हा तिने हंबरडा फोडला, आणि या भूमीने विलाप ऐकला तो तेव्हा पहिल्यांदा, अशी कथा आहे. ती वाचली त्या रात्री मला काका गेल्यावरची आजी आठवत राहिली.

पुढे ख्रिस्ती धर्म आला. याच नावाच्या संत ब्रिजिडने किल्डेअरला मठ स्थापला, असं मानतात. देवी कुठे संपते नि संत कुठे सुरू होते, यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत. लोकांनी मात्र दोघींनाही धरून ठेवलं. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स नावाच्या धर्मगुरूने लिहून ठेवलंय की किल्डेअरच्या १९ जोगिणी आळीपाळीने रात्रभर अग्नी राखत आणि विसाव्या रात्री तो खुद्द ब्रिजिडवर सोपवत. कुंपणाच्या आत पुरुषांना मज्जाव! आई, नवरात्रात तू अखंड दिव्याला तेल घालायला रात्री उठतेस, ते वाचताना डोळ्यांपुढे आलं. सोळाव्या शतकात मठ मोडले, अग्नी विझला. १९९३ मध्ये ब्रिजिडाइन सिस्टर्स या जोगिणींच्या संघाने तो किल्डेअरच्या चौकात पुन्हा पेटवला.

१ फेब्रुवारी हा तिचा दिवस. त्याच सुमारास जुना इम्बोल्क सण येतो. मेंढ्यांना दूध उतरतं, इथला वसंत सुरू होतो. आदल्या रात्री बायका कापडाचा तुकडा घराबाहेर ठेवतात. रात्री ब्रिजिड जाताना त्याला हात लावते, मग ते डोकेदुखीवर, बाळंतपणात उपयोगी पडतं, अशी श्रद्धा. आमच्या शेजारच्या आजी अजून ठेवतात. २०२३ पासून या सणाची सरकारी सुट्टीही मिळते. एका बाईच्या नावाने मिळालेली ही इथली पहिली सार्वजनिक सुट्टी, आणि मला याचा मनापासून आनंद आहे.

त्या आजींनी शिकवल्याप्रमाणे मी लव्हाळ्यांचा क्रूस विणलाय. पार्सलमध्ये मसाल्याच्या रिकाम्या डब्याशेजारी ठेवलाय. आगीपासून घर राखावं म्हणून तो इथे दारावर लावतात. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारावर लावा, पण कोरड्या जागी.

बाबा, पुढच्या जानेवारीअखेर दोघं याच. सुट्टी आहे, मी किल्डेअरला घेऊन जाईन. गुडघ्यांच्या गोळ्या बरोबर आणा, आणि आईची जाड शाल.

तुमची,
मनू