पणजीच्या फोटोमागे

प्रिय आई आणि बाबा,
प्रभूच्या नावाने सलाम.

ग्वाटेमालाहून परवा रात्री सुखरूप परतले. पोट बिघडलं नाही, नाकाची साल मात्र उन्हानं निघाली. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "तिथं नेमकं काय केलंत?" आणि मी "चुली बांधल्या" म्हणून विषय बदलला. ते फोनवर नीट सांगता आलं नसतं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा आईकडून वाचून घ्या.

आम्ही कॉलेजच्या प्रार्थना गटातले चौदाजण. मार्चच्या सुट्टीत बाकीची मुलं समुद्रावर जातात, आम्ही आतित्लान सरोवराकाठी गेलो. पलीकडे तीन ज्वालामुखी उभे. सकाळी पाणी अगदी शांत, आणि दुपारी वारा सुटला की होडी अशी आपटते की भल्याभल्यांना स्तोत्रं आठवतात.

आई, तिथल्या पहिल्याच घरात शिरले आणि शेवगावचं आजोळ आठवलं. जमिनीवर तीन दगड, मध्ये लाकडं, भिंती काजळीनं काळ्या. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, धुतात, दळतात आणि बायका तोर्तिया थापतात. परातीत नाही, दोन्ही हातांवर. तो थापण्याचा आवाज ऐकून मी दारातच थांबले. बाकीच्यांना वाटलं, धुरानं डोळ्यांत पाणी आलं.

धूर तर होताच. तुझा खोकला कुठून आला हे आपल्याला माहीत आहे, म्हणून मी या कामाला हौसेनं नाव दिलं होतं. सिमेंटच्या ठोकळ्यांचा ओटा, आत विटा, वर लोखंडी पत्रा आणि छपरातून बाहेर काढलेलं धुराडं. उभ्यानं स्वयंपाक होतो, रांगतं पोर विस्तवात पडत नाही. चूल चांगलीच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते आमच्याबद्दल. तिसऱ्या दिवशी विसरलेली पाण्याची बाटली आणायला संध्याकाळी परत गेले, तर तिथला मिस्त्री आम्ही दिवसभर रचलेला थर उतरवून पुन्हा लावत होता. मला बघून ओशाळला तोच! ओशाळायला हवं होतं मी. प्रत्येकानं लोकांना पत्रं लिहून पंधराशे डॉलर गोळा केले होते, त्यातले बरेचसे विमानात गेले. तेवढ्या पैशात त्या मिस्त्रीनं किती चुली बांधल्या असत्या, हा हिशेब तुम्ही मनात केलाच असेल, बाबा. मीही केला. गटात बोलून दाखवला तेव्हा एकजण म्हणाला, "पण मग आपण बदललो नसतो." म्हणजे चूल त्यांची आणि बदलायचं आम्ही.

एका घरी म्हातारीनं काही विचारलं. ती त्सुतुहिल ही तिथली माया भाषा बोलते, तिच्या नातवानं त्याचं स्पॅनिश केलं, आमच्यातल्या एकीनं इंग्रजी, आणि मला ते मराठीतच कळलं: रात्री थंडी पडते, जुन्या चुलीभोवती आम्ही सगळे बसतो, या चुलीभोवती कसं बसायचं? आणि माळ्यावरच्या मक्याला धूर लागला नाही तर पोरकिडे होतील त्याचं काय? आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आलं नाही. तुला आलं असतं. निदान प्रश्न तरी आधी सुचला असता.

शेवटच्या दिवशी सांतियागो आतित्लानच्या चर्चमध्ये गेलो. कॅथलिक चर्च, म्हणून आमच्यातले दोघं बाहेरच घुटमळले. इथं अमेरिकेतल्या ओक्लाहोमाहून आलेले स्टॅनली रोदर नावाचे फादर होते. १९६८ साली आले, भाषा शिकले, नव्या कराराच्या त्सुतुहिल भाषांतरात राबले. देशात यादवी चालू होती, १९६० ते १९९६. नाव मारायच्या यादीत आल्यावर ते अमेरिकेला गेले आणि काही महिन्यांत परत आले. २८ जुलै १९८१ ला त्यांना तिथल्याच निवासात गोळ्या घातल्या. देह मायदेशी नेला, पण गावानं त्यांचं हृदय ठेवून घेतलं. ते चर्चमध्येच आहे.

मला तिथं आपल्या नगरच्या मिशनरी सिंथिया फरारबाई आठवल्या. १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईत उतरल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. सावित्रीबाई त्यांच्याकडे शिकल्या हे तुम्ही वर्गात दरवर्षी सांगायचात. आम्ही सात दिवस राहिलो, त्यातला एक बाजारात गेला. (बाजारातून तुझ्यासाठी वेलची आणलीय, आई. ग्वाटेमाला जगात सर्वांत जास्त वेलची बाहेर पाठवतो आणि तिथं ती कोणी फारशी खात नाही. तुझ्या शिऱ्याचं नशीब.)

आता मुख्य गोष्ट. निघताना आमच्यातल्या एकानं गल्लीतली पोरं रांगेत उभी केली आणि आम्हाला मागे उभं करून फोटो काढला. मीही हसत उभी राहिले, हातात थापी. रात्री तो फोनवर आला आणि मला झोप येईना. बाबा, असाच फोटो आपल्या घरी रेडिओच्या वर लावलेला आहे. छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आलेल्या मुली, पांढऱ्या झग्यांत, मध्ये खुर्चीवर मडमबाई. मागे इंग्रजीत "दुष्काळातल्या मुली" एवढंच, आणि बाईंचं पूर्ण नाव. आजी म्हणायची, डावीकडून तिसरी तिची आई. मोठी आत्या म्हणते पाचवी.

त्या मिशननं पणजीला जगवलं, शिकवलं, हे मी विसरत नाही. तेव्हा ते आले नसते तर आपण नसतोच. पण माझ्या फोनमधल्या सहा पोरांपैकी एकीचंच नाव मला माहीत आहे, तेही तिनं आपणहून सांगितलं म्हणून. फोटो मी कुठेही टाकला नाही. ते नाव इथेही लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही.

ईस्टरला आत्या येईल तेव्हा एक काम करा. फोटो खाली काढा, दोघी-तिघांनी बसून आठवतील तेवढ्या मुलींची नावं पेन्सिलीनं मागे लिहा. तिसरी की पाचवी यावरून भांडण झालं तर दोन्हींवर खूण करा. काच जपून काढा, मागचा पुठ्ठा आजोबांच्या वेळचा आहे.

तुमची,
धाकटी