लाकडी फ्लोअरिंगखालची ओल

महोदय,

सांगलीत नव्या बंगल्यांत लाकडी फ्लोअरिंगची हौस वाढली आहे. पॉलिशवर घरोघरी चर्चा रंगते. पट्ट्यांखाली काय घालायचं, हे क्वचितच कुणी विचारतं. सुतार म्हणून मला याची काळजी वाटते. ही कृष्णाकाठची जमीन, त्यात 2019 आणि 2021 च्या महापुरात भिजलेले तळमजले. कोबा वरून कोरडा दिसतो, आतली ओल मात्र वर येतच राहते.

काम सुरू करण्याआधी कोब्यावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खाली दव साचलं किंवा कोबा काळपट पडला तर थांबा. कोरडा निघाला तरी तळमजल्यावर 150 मायक्रॉनचा पॉलिथिन कागद हवाच. सांध्यावर वीतभर चढवून टेप मारा.

त्यावर इंजिनिअर्ड पट्ट्यांना (प्लायच्या थरांवर अस्सल लाकडाचा पातळ थर चिकटवलेल्या) दोन-तीन मिलिमीटरचा फोम पुरे. जाड, मऊ फोमवर पट्टी दबते आणि सांधे ढिले होतात. वरच्या मजल्यावर पावलांचा आवाज दाबायला कॉर्क चांगलं. अस्सल सागवानी पट्ट्या खिळ्यांनी ठोकायच्या असतील तर फोम नकोच. प्लायवूडवर डांबरी कागद घाला. ‘एकच रोल सगळ्याला चालतो’ असं दुकानात कुणी म्हणालं, तर ऐकू नका.

– एक सुतार, गावभाग, सांगली