निवडुंगाची बोंडं आणि आजीची अमृतधारा

पालेर्मो, इटली,
१९ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "निवडुंगाच्या बोंडाचा रंग काढायला एवढ्या लांब कशाला जावं लागतं? पाण्यात टाकलं की सुटतोच की तो." मी काही सांगणार तेवढ्यात तुमच्या दारावर दूधवाला आला आणि विषय तिथेच राहिला. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, कारण बाबा, माझं इथलं सगळं काम त्याच प्रश्नाभोवती फिरतं. फोनवर नीट सांगणं जमत नाही, म्हणून लिहायला बसले. एक गोष्ट तुमच्याकडे मागायचीही आहे. ती शेवटी मागते.

इथे सध्या बोंडांचा हंगाम आहे. सकाळी बाल्लारोच्या बाजारातून जाते तेव्हा हातगाड्यांवर पिवळी, लाल आणि पांढरट हिरवी बोंडं मांडलेली असतात. आपल्या बांधावरच्या फड्या निवडुंगाच्याच कुळातली, पण जात वेगळी, फळ चांगलं मुठीएवढं. विकणारा जाड हातमोजा घालतो, दोन्ही टोकं कापतो, मधून एक उभी चीर देतो आणि साल अशी उलगडतो की आतला गर अख्खा बाहेर येतो. मी दर वेळी थांबून बघते. लहानपणी आम्ही बोंडं कडुलिंबाच्या डहाळीनं झोडायचो, मातीत घोळायचो, तरी कुसळं राहायचीच. मग आई मला उजेडाला बसवून माझ्या ओठातलं एकेक कुसळ नखानं काढायची. इथले शेतकरी पहाटे, दव असतानाच तोडणी करतात. ओली कुसळं उडत नाहीत म्हणून.

इटालियनमध्ये या फळाला 'फिको दिंदिया' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचं अंजीर. झाड मुळात मेक्सिकोचं. कोलंबस जिथे पोचला त्याला तो 'इंडीज' समजला, आणि ते नाव फळाला चिकटून राहिलं. आपल्याकडचा निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच, आपण त्याला आपला मानून बसलोय.

बाबा, मामाच्या डाळिंबाला ताण देऊन बहार धरतात ना, तसं इथे या झाडाचंही करतात. जूनच्या सुमारास पहिला बहार हातानं पाडून टाकतात. झाड पुन्हा फुलतं आणि त्या दुसऱ्या फुलांची फळं आत्ता शरदात येतात. ती मोठी आणि कमी बियांची असतात, भावही चांगला मिळतो. त्या पाडण्याला 'स्कोत्सोलातुरा' म्हणतात. तिकडच्या एका शेतकऱ्याला मी 'बहार धरणे' हे शब्द समजावून सांगितले. त्यानं ते वहीत लिहून घेतले.

आता रंगाकडे येते. आई, लाल माठाची भाजी भातात कालवली की भात गुलाबी होतो. बोंडातला रंग त्याच घराण्यातला. बीट, राजगिरा, गुलबक्षी, बोगनवेल यांचे रंगही त्यातलेच. जांभळाचा किंवा काळ्या द्राक्षाचा रंग मात्र वेगळ्या घराण्यातला, आणि ही दोन घराणी एकाच झाडात कधी एकत्र सापडत नाहीत. बोंडात मुख्य दोन रंग असतात. लाल-जांभळा तो बिटानिन, आणि पिवळा-नारिंगी तो इंडिकाझँथिन. हा दुसरा पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळा केला तो इटलीतल्याच, नेपल्सच्या शास्त्रज्ञांनी, १९६४ साली. पुढे २००४ मध्ये पालेर्मोच्याच संशोधकांनी १८ निरोगी माणसांना दोन आठवडे रोज दोनदा अडीचशे ग्रॅम गर खाऊ घातला आणि त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिडेशनच्या, म्हणजे पेशींच्या झिजेच्या, खुणा कमी झालेल्या पाहिल्या. आत्यानं विचारलं होतं, "शुगरला चालतं का गं?" तिला सांगा, फळ म्हणून जरूर खावं, पण या अभ्यासात मधुमेही कुणी नव्हतं. तेव्हा या नावाखाली औषध म्हणून कुणी बाटली विकायला आला तर घेऊ नये.

मला फळ लागतच नाही. मला लागते साल. फळाच्या वजनात जवळजवळ निम्मी साल असते आणि रसाच्या कारखान्यांतून ती फेकली जाते, किंवा फार तर गुरांपुढे पडते. तिच्यातही रंग आहे, शिवाय फ्लेव्होनॉइड्स नावाची गुणकारी द्रव्यं आहेत. ती काढायची, तीही कुणाला इजा न करता, हे माझं काम.

तर बाबा, पाण्यात का नाही? पाण्यात रंग सुटतो, तुमचं बरोबर आहे. पण निवडुंगाचा बुळबुळीत चीकही सुटतो, आणि तो काही केल्या गाळू देत नाही. त्यात साखर असते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते आंबायला लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणीच हळूहळू रंगाच्या रेणूचे दोन तुकडे करतं. सकाळी जांभळा असलेला अर्क काही दिवसांत विटकरी होतो. पाणी उडवून टाकायचं तर उष्णता द्यावी लागते, आणि उष्णतेनं रंग आणखी लवकर जातो. फ्लेव्होनॉइड्स तर नुसत्या पाण्यात पूर्ण उतरतही नाहीत.

म्हणून प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं मिथेनॉल वापरत आले. काम झटपट होतं, नंतर वाफ करून उडवता येतं. पण मिथेनॉल म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती त्यानंच. तेलकट द्रव्यं काढायला वापरतात ते हेक्झेन.

हेक्झेनबद्दल मला थांबून लिहायचंय. इथे आले त्या पहिल्याच महिन्यात बोंडांच्या बियांचं तेल काढायला मी वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडखाली हेक्झेनची बाटली उघडली. त्या वासासरशी मी पालेर्मोत नव्हतेच, आपल्या घराच्या ओट्यावर होते. तुम्ही रात्रपाळीहून येऊन खुंटीला शर्ट अडकवायचात, त्याचा तो वास, पेट्रोलसारखा पण जरा गोडसर. आम्हाला वाटायचं, बाबांचा वास असाच असतो. सव्वीस वर्षं तुम्ही सोयाबीनचं तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटवर काढलीत. फ्लेकरमधून सोयाबीनचे पापुद्रे यायचे, एक्स्ट्रॅक्टरमध्ये त्यांच्यावर हेक्झेन पडायचं, मिसेला, म्हणजे तेल उतरलेलं हेक्झेन, एकीकडे आणि पेंड दुसरीकडे. हे सगळं तुम्ही मला पाटीवर काढून दाखवलं होतं, आणि मी रसायनशास्त्र घेतलं ते त्या पाटीमुळे. सीलमधून गळती झाली तेव्हा तुम्ही दोन दिवस डोकं धरून पडून होतात, तेही मला आठवतं. त्या दोन दिवसांचा पगार कापला होता. आई तेव्हा काही बोलली नाही, पण रात्रभर पदरानं तुम्हाला वारा घालत बसली होती.

इथल्या बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं की दीर्घकाळ संपर्क आला तर मज्जासंस्थेला इजा होते. जपानमध्ये १९६० च्या दशकात घराघरांत चपला बनवणाऱ्या कामगारांना डिंकातल्या हेक्झेननं हे झालं होतं. आधी पायाला मुंग्या, मग बधिरपणा, मग पायातली ताकद कमी होत जाणं. शरीरात गेलेल्या हेक्झेनचं यकृतात दुसरं एक द्रव्य बनतं आणि ते लांब मज्जातंतूंना खातं. सगळ्यात लांब ते पायाचे, म्हणून सुरुवात पायापासून होते.

मी ती बाटली त्या दिवशी बंद केली आणि माझ्या मार्गदर्शक बाईंना सांगितलं की मला याच्याशिवाय करून बघायचंय. बियांच्या तेलासाठी वाट सापडली. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर नेऊन ७४ पट हवेच्या दाबाखाली ठेवला की तो ना धड वायू राहतो ना धड द्रव, आणि तेल ओढून घेतो. दाब सोडला की उडून जातो, मागे काही उरत नाही. कॉफीतलं कॅफीनही असं काढतात. पण सालीतला रंग तेलकट नाही, तो पाण्याच्या जातीचा. त्याला हे चालत नाही.

आणि इथे आजी मदतीला आली. आठवतं, तिच्या कोनाड्यात अमृतधारेची छोटी बाटली असायची? कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल. तिन्ही कोरडे खडे. एकत्र बाटलीत घालून हलवले की थोड्या वेळात आपोआप पाणी व्हायचं, ना आच, ना बाहेरचा थेंब. मी पाच-सहा वर्षांची असताना ते बघून अवाक झाले होते. माझ्या कामाचं सगळं शास्त्र तेच आहे. दोन-तीन पदार्थ एकमेकांना असे धरून ठेवतात की एकेकट्यानं घट्ट राहणं त्यांना जमत नाही. २००३ साली इंग्लंडमध्ये लेस्टरच्या शास्त्रज्ञांनी युरिया, आपण शेतात टाकतो तोच, आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते कोलीन क्लोराइड एकत्र केलं. युरिया १३३ अंशांना वितळतो, कोलीन क्लोराइड ३०२ ला. पण दोनास एक या प्रमाणात मिसळले की ते १२ अंशांपर्यंत पातळच राहतात. पुढे २०११ मध्ये हॉलंडमधल्या लायडनच्या लोकांनी म्हटलं की झाडांच्या पेशींमध्येही साखरा, आम्लं आणि अमिनो आम्लं यांचे असेच द्रव असावेत, आणि त्यांना नैसर्गिक म्हणून वेगळं नाव दिलं. वाचलं तेव्हा मला आजीचा कोनाडा दिसला.

मी आधी लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्यातलं आंबट, त्यात ग्लुकोज आणि थोडं पाणी असं मिश्रण केलं. स्वच्छ, काकवीसारखा दाट द्रव झाला. पण तो माझ्या रंगाला फार आंबट पडला. मग ग्लिसरीन आणि ग्लुकोजवर आले. वाळवलेल्या सालीची पूड त्यात घातली की पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. मग कडेनं एक जांभळी रेघ उतरायला लागते आणि बघता बघता सगळी कुपी जास्वंदीसारखी होते. त्यात चतकोर पाणी घालावं लागतं, नाहीतर इतकं दाट राहतं की गाळायला रात्र जाते. रंग लवकर सुटावा म्हणून अल्ट्रासाऊंडच्या टबात ठेवतात. त्या लहरींनी द्रवात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि सालीच्या पेशी उघडतात. मार्चमध्ये एका संध्याकाळी मी टब चालू ठेवून फोनवर बोलत बसले. लहरींनी टबातलं पाणी तापत गेलं, आणि परत आले तर बारा कुप्या चहाच्या रंगाच्या झालेल्या. तीन आठवड्यांचं काम गेलं. तेव्हापासून टबात बर्फ टाकते आणि तिथून हलत नाही.

आता चांगल्या कुप्यांमधला रंग फ्रीजमध्ये अंधारात ठेवला तर पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतो, कारण त्यात रंगाला तोडायला मोकळं पाणीच थोडं असतं. आणि ग्लिसरीन-ग्लुकोज हे खाण्यातलेच पदार्थ असल्यामुळे रंग वेगळा न काढता तसाच वापरण्याचा विचार करता येतो. ते एका अर्थी बरंच आहे, कारण वेगळा काढणं जिकिरीचं. हा द्रव वाफ होऊन उडतच नाही.

सगळं गोडगोड सांगत नाही. 'हिरवं' म्हणून खपवतात त्यातलं सगळं हिरवं नसतं. कोलीन क्लोराइड खाद्यात चालतं, पण ते बनतं कारखान्यात, इथिलीन ऑक्साइडसारख्या घातक वायूपासून. म्हणून मी ते टाळते. काही ठिकाणी साधं अल्कोहोल आणि पाणी हेच सगळ्यात शहाणपणाचं ठरतं, आणि तसं निघालं तर मी तसंच लिहीन. तुम्ही विचाराल, मग लातूरच्या सोयाबीनला हे का नाही? हेक्झेन स्वस्त आहे, ६९ अंशांना उकळतं, थंड केलं की परत वापरता येतं, आणि सोयाबीनमध्ये तेल अठरा-वीस टक्केच. एवढ्या मालाला कार्बन डायऑक्साइडची दाबाची यंत्रं आज परवडत नाहीत. पण एक्स्ट्रॅक्टरशेजारी उभ्या असलेल्या माणसाचे पाय त्या हिशेबात कुणी धरलेले नाहीत. मला तो हिशेब पुन्हा मांडायचा आहे. बोंडांपासून सुरुवात केली आहे एवढंच.

आणि आता मागणं. बाबा, तुमच्या पायांच्या मुंग्या साखरेमुळे आहेत असं डॉक्टर म्हणाले, आणि तसंच असेलही. पण आई म्हणते, मुंग्या साखर निघायच्या आधीपासून आहेत. तुम्ही कामाचं डॉक्टरांना सांगितलं होतं का? मला खात्री आहे, नसेल. दिवाळीच्या आधी लातूरला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जा, पायांची एनसीव्ही, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश किती वेगानं जातो ती तपासणी करून घ्या, आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत एक्स्ट्रॅक्टरवर होतात, गळती किती वेळा झाली, हे कागदावर लिहून न्या. दादा गाडी काढेल, मी त्याच्याशी बोलले आहे. आई, बाबा "काही होत नाही मला" म्हणाले तर ऐकू नकोस. हेक्झेनचा भाग या पत्रातून डॉक्टरांना वाचून दाखव. रात्री पाय चोळताना पाणी फार गरम घेऊ नकोस, बधिर पायाला चटका कळत नाही.

तब्येतीला जपा. आत्याला नमस्कार, दादा-वहिनी आणि बाळाला खूप आशीर्वाद.

तुमची,
मनू

ता. क. आई, आजी अमृतधारेत तिन्ही खडे समसमान घ्यायची की कापूर कमी घालायची? आठवत असेल तर कळव. ती बाटली अजून कोनाड्यात असेल तर तिचा एक फोटोही पाठव.