कॅमेरा कुणाच्या खांद्यामागे उभा आहे?

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

सूडपटाचा साचा सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या पाऊण तासात बाईवर अत्याचार, मग पोलीस-कोर्टाने वर केलेले हात आणि मध्यंतरानंतर एकेकाचा हिशेब. सूडपट बंद करा, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. अन्यायाची चीड पडद्यावर यायलाच हवी. आमचा आक्षेप त्या पहिल्या प्रसंगाच्या चित्रणाला आहे.

चित्रपट प्रमाणनाची डिसेंबर १९९१ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की लैंगिक अत्याचाराची दृश्यं टाळावीत. कथेला आवश्यकच असतील तर कमीत कमी ठेवावीत, तपशील दाखवू नयेत. प्रत्यक्षात सेन्सॉर मंडळाकडून अनेकदा शेरा येतो, ‘दृश्य निम्मं करा’. संकलक ४० सेकंदांचे २० करून देतो. कॅमेरा मात्र हल्लेखोराच्या खांद्यामागून खाली बघत राहतो, फाटक्या ब्लाउजवर रेंगाळतो, पार्श्वसंगीतही तेच. प्रेक्षक त्या माणसाच्याच जागी उभा राहतो. तोच प्रसंग बंद दारावर ठेवा, किंवा दुसऱ्या सकाळी थरथरत्या बोटांनी पदराची पिन लागत नाही एवढ्यावर. संतापाची धार जराही कमी होत नाही.

किंकाळ्या, झटापट, ओरखडे नसतील तर अत्याचार झालाच नाही, हा समज अशी दृश्यं पक्की करतात. प्रत्यक्षात भीतीने अनेकदा शरीर गोठतं, आवाज फुटत नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत यावर बोट ठेवून पोलिसांना सोडलं. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं; १९८३ मध्ये कायदा बदलला. पडद्यावरचा साचा तिथेच आहे. त्यातला गुन्हेगार बहुधा अनोळखी गुंड असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत मात्र दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीतला निघतो.

प्रसंगानंतरचं चित्रण तर सर्वांत घातक. नायिका शॉवरखाली उभी राहते, कपडे जाळते आणि हत्यार उचलते. खरं तर अंघोळीआधी, शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठायला हवं. (अंघोळ झाली असली तरी जावं, पुरावा पूर्ण संपत नाही.) कपडे कागदी पिशवीत ठेवायचे, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते, डीएनए खराब होतो. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, पुराव्याचे नमुने ९६ तासांपर्यंत घेतात. मोफत उपचार खासगी रुग्णालयालाही नाकारता येत नाहीत आणि त्यासाठी आधी एफआयआर लागत नाही. अख्ख्या सिनेमात यातलं एक वाक्यही सहसा नसतं.

म्हणून मागण्या. सेन्सॉर मंडळाने सेकंदांसोबत दृष्टिकोनही तपासावा: कॅमेरा कुणाच्या नजरेने बघतो, शरीर तुकड्यांत दाखवलंय का, संगीत काय करतं. २०२४च्या नियमांत मंडळावर किमान एक तृतीयांश महिला सांगितल्या आहेत. अशा चित्रपटांच्या परीक्षण समितीत निम्म्या असाव्यात, शिवाय पीडितांसोबत काम करणारी एक व्यक्ती. थिएटर आणि ओटीटी दोन्हीकडे सुरुवातीला ‘लैंगिक अत्याचाराचं दृश्य’ अशी स्पष्ट सूचना यावी. आणि पडद्यावर सिगारेट पेटली की तळाशी इशारा उमटतो, तसा या दृश्यानंतर तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक वाचता येतील इतका वेळ दिसावेत.

आपले,
पटकथा, संकलन आणि पीडितांच्या वैद्यकीय-कायदेशीर मदतीच्या क्षेत्रांतले काही जण